पार्टी आपली, स्लॅब सगळ्यांचा

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळींत शंभर वर्षं बारशी झाली, हळदी लागल्या, दहावी पास झाल्याचे पेढे वाटले गेले. आणि यातलं काहीच त्या १६० चौरस फुटांत मावणारं नव्हतं. पाळणा एका घरात, स्वयंपाक दुसऱ्या घरात, पाहुण्यांच्या चपला तिसऱ्याच्या दारापुढे, आणि ज्याचा उद्या पेपर आहे त्या मुलाला अभ्यासासाठी मधल्या पॅसेजच्या पार टोकाच्या खोलीत पाठवलेलं. आवाज भरपूर व्हायचा. पण ज्यांच्या कानावर तो पडायचा, त्यांचे हात त्याच कार्यात गुंतलेले असायचे. गिरगावातल्या गॅलरीच्या चाळींतही तेच. चौकात मांडव पडला की वरच्या तिन्ही मजल्यांचे कठडे माणसांनी भरून जायचे.

ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडीतल्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकासाच्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तीन पिढ्या वाट पाहिलेलं घर. स्वतःचं न्हाणीघर, स्वतःचा संडास, आतून कडी लावता येईल असं दार. हे मिळायलाच हवं होतं, त्यात काही वाद नाही. मात्र त्या बंद दारामागे पहिलं बारसं होईल, तेव्हा वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या माणसाला त्या बारशाचं काहीच ठाऊक नसेल. त्याच्यापर्यंत फक्त आवाज पोहोचेल.

मुंबईने हा प्रवास फार पूर्वीच सुरू केला. गावदेवीत श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली आणि मध्यमवर्गाला ‘ब्लॉक’मध्ये राहण्याची वाट दिसली. पुढे दादर, पार्ले, डोंबिवली, कोथरूड, नाशिकचा गंगापूर रोड अशी ती वाट पसरत गेली. चाळीतून ब्लॉकमध्ये येताना आपण कपाट आणलं, देव्हारा आणला, शिलाईचं मशीन आणलं. कार्य असलं की चार दिवस आधी शेजारी बसून कोणाचं काय, कुठे, कसं हे ठरवायची रीत मात्र बऱ्याच घरांनी मागेच सोडली. चाळीत ती आपोआप घडायची, कारण दारं उघडी होती. फ्लॅटमध्ये यजमानाला ती मुद्दाम, वेळ काढून, जिना उतरून करावी लागते. इमारतीतल्या पार्टीबद्दलच्या जवळजवळ सगळ्या भांडणांचं मूळ मला इथे दिसतं.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका सोसायटीत ही रीत पुन्हा जमवून आणणारी एक बाई मला भेटली. सासऱ्यांची पंचाहत्तरी होती. तीस-पस्तीस माणसं, जेवण, आणि सासऱ्यांच्या मित्रांची गाण्याची बैठक: पेटी, तबला आणि एक छोटा स्पीकर. घर सातव्या मजल्यावर. आठवडाभर आधी एका संध्याकाळी ती सहाव्या मजल्यावरच्या काकूंकडे गेली, ते फक्त सांगायला नव्हे. वर तिच्या मुलाने गाणी लावली होती आणि जेवणाच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या तो एकेक करून सरकवत होता. ही खाली काकूंच्या बेडरूममध्ये उभी राहून ऐकत होती. काकूंच्या सासूबाई नव्वदीच्या आसपासच्या, पलंगावर पडलेल्या.

“गाण्याचं काही नाही गं,” काकू म्हणाल्या, “भजन असलं तर आईंना उलट बरंच वाटेल. त्या खुर्च्यांचं तेवढं बघ. दचकून उठतात त्या.”

हे तिला ठाऊकच नव्हतं. सात वर्षं ती त्या घरात राहत होती. दुसऱ्या दिवशी तिने हार्डवेअरच्या दुकानातून खुर्च्यांच्या पायांना लावायची रबरी बुचं आणली, बैठकीच्या जागी दोन सतरंज्या एकावर एक घातल्या आणि स्पीकर जमिनीवरून उचलून जाड फोमच्या गादीवर ठेवला. मग पुन्हा खाली जाऊन ऐकलं. धपधप निम्म्याहून कमी झाली होती.

तिने जे कानाने शोधलं त्याचं शास्त्र सरळ आहे. इमारतीत आवाज दोन वाटांनी फिरतो. एक हवेतून: बोलणं, हसणं, गाणं. ही वाट दारं-खिडक्या लावल्या, पडदे ओढले की बरीच अडते. दुसरी वाट थेट सिमेंटमधून जाते. टाच आपटली, खुर्ची ओढली, खलबत्ता कुटला, पोरांनी उड्या मारल्या की धक्का स्लॅबला बसतो आणि खालच्या घराचं अख्खं छत कंप पावतं. आपल्याकडे पाच-सहा इंचांचा आरसीसी स्लॅब आणि त्यावर सिमेंटच्या थरात घट्ट बसवलेली टाइल, एवढंच असतं. मध्ये धक्का शोषून घेणारं काही नसतं. म्हणून वरच्या घरात ज्याची जाणीवही होत नाही, तो आवाज खाली कपाळावर आदळतो. वरच्याला वाटतं, खालचे कटकटे आहेत. खालच्याला वाटतं, वरचे मुद्दाम करतात. दोघेही आपापल्या खोलीत खरंच सांगत असतात.

बासचं दुखणं वेगळं. पन्नास हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ सात मीटर असते. अशा लहरीला साडेचार इंचांची विटेची भिंत अडवू शकत नाही. गाण्याचे शब्द, सतार, बासरी भिंतीतच विरतात आणि पलीकडच्या घरात नुसता ठोका पोहोचतो. गाणं ऐकू आलं तर माणूस निदान गुणगुणेल. नुसता ठोका दोन तास सोसणं कठीण असतं. तेव्हा घरच्या पार्टीत सगळ्यात आधी हात लावायचा तो वूफरला. तो बंद करता आला तर बंदच करावा, नाहीतर ॲपमधलं बासचं बटण पार खाली आणावं. उरलेलं गाणं थोडं मोठं असलं तरी चालून जातं.

आवाज मोठा होतो त्याला माणसंही कारण असतात. एतिएन लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच कान-घसा तज्ज्ञाने १९११च्या सुमारास हे मांडलं: भोवती गोंगाट असेल तर माणूस नकळत आपला आवाज चढवतो. पार्टीत गाणं जरा वाढवलं की वीस माणसं बोलणं वाढवतात, मग गाणं ऐकू येत नाही म्हणून ते पुन्हा वाढवलं जातं. ही चढण उतरवायची तर माणसांना “हळू बोला” सांगून उपयोग नाही. गाणं कमी करावं. दहा मिनिटांत खोली आपोआप खाली येते. जेवण वाढायला घेतानाच हे केलं तर पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही.

आता कायदा, कारण त्याच्याबद्दल गैरसमज फार आहेत. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त असता कामा नये. सणासुदीसाठी राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देता येते, आणि ते दिवस कोणते हे आपल्याकडे जिल्हा प्रशासन जाहीर करतं. तुमच्या घरचा वाढदिवस त्या यादीत नसतो.

“दहापर्यंत आमचा हक्क आहे” हे वाक्य सोसायट्यांत सर्रास ऐकू येतं आणि ते चुकीचं आहे. दहाच्या आधीही मर्यादा आहेच. साधं बोलणं मीटरभरावर साठ डेसिबलच्या घरात जातं, यावरून ५५ म्हणजे किती थोडं ते ध्यानात यावं. शिवाय डेसिबलची मोजणी सरळ बेरजेची नसते. दहाने आकडा वाढला की ध्वनीची शक्ती दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

या नियमांशी जोडलेली एक गोष्ट आहे, ती प्रत्येक सोसायटीत माहीत असायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी ध्वनिप्रदूषणावर जो मोठा निकाल दिला, त्याच्या मुळाशी एका अभियंत्याची १९९८ची याचिका होती. तिला निमित्त होतं एका बातमीचं. तेरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला आणि शेजारी लाउडस्पीकरवर गाणी वाजत असल्यामुळे तिच्या हाका कोणालाही ऐकू गेल्या नाहीत. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला पेटवून घेतलं. शांततेत जगणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, नको असलेला आवाज दुसऱ्याच्या कानावर लादण्याचा हक्क कोणालाही नाही, असं न्यायालयाने त्या निकालात म्हटलं. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी १९८०च्या दशकातच हा प्रश्न उच्च न्यायालयात नेला होता, पुढे सुमेरा अब्दुलअली आणि ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी तो लावून धरला. या माणसांना सणविरोधी म्हणून किती बोल लावले गेले! शेजारच्या खोलीतली हाक ऐकू यावी, एवढीच त्यांची मागणी होती.

तरीही कायद्याची पायरी गाठेपर्यंत बरंच काही बिघडून गेलेलं असतं. ११२ला फोन करणारा शेजारी उद्या लिफ्टमध्ये भेटणार असतो, परवा सभेत शेजारी बसणार असतो. म्हणून खरं काम पार्टीच्या आधीच्या आठवड्यातलं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर “शनिवारी आमच्याकडे छोटंसं गेट-टुगेदर, गैरसोयीबद्दल क्षमस्व” असा मजकूर टाकला की आपण कळवलं, असं लोक मानतात. मला ते मान्य नाही. त्या ग्रुपवर गुड मॉर्निंग, पाण्याचा टँकर आणि हरवलेली मांजर यांच्या गर्दीत तो मजकूर वाहून जातो, आणि वाचणाऱ्याला उत्तर देण्याची सोय राहत नाही. सगळ्यांच्या देखत “आमच्या बाळाला ताप आहे हो” असं कोण लिहील? दार वाजवावं. खालचं घर पहिलं, मग वरचं, मग दोन्ही बाजूंचे; बाथरूमचा डक्ट ज्यांच्याशी जोडलेला आहे तेही, कारण डक्टमधून आवाज चार मजले सहज चढतो. किती वाजता सुरू, किती वाजता बंद, हे नेमकं सांगावं. आपला नंबर द्यावा, आणि त्या रात्री तो फोन खिशात न ठेवता कोणातरी एकाच्या हातात द्यावा, ज्याचं कामच तेवढं.

आणि विचारावं. तान्हं मूल आहे का, कोणी रात्रपाळीहून येऊन झोपतं का, फेब्रुवारी-मार्च असेल तर बारावी-दहावी कोणाकडे आहे. या प्रश्नांची उत्तरं ऐकून तारीख बदलणारे यजमान मी पाहिले आहेत. बारावीच्या मुलाला त्या रात्री दुसऱ्या विंगमधली मोकळी खोली मिळवून देणारेही.

एक प्रश्न अवघड आहे. इमारतीत कोणाचं निधन झालं असेल तर? चाळीत तेरा दिवस रेडिओसुद्धा हळू लागायचा, तो नियम कोणी लिहिलेला नव्हता. आज बाराशे माणसांच्या संकुलात सहाव्या विंगमधलं दुःख आपल्यापर्यंत पोहोचतही नाही, आणि प्रत्येक वेळी सगळं थांबवणं शक्य नाही हे खरं. पण आपल्याच जिन्यातलं घर असेल तर त्या घरी जाऊन बसावं आणि स्वच्छ विचारावं. बहुतेक माणसं “तुमचं कार्य थांबवू नका” असंच म्हणतात. ते म्हणतात म्हणून ढोल लावायचा नसतो. जेवणाचा कार्यक्रम ठेवावा, गाणं काढून टाकावं, मुलांच्या फुग्यांची कमान लॉबीत न लावता घरात लावावी.

शेजाऱ्यांना बोलवायचंच का? माझं मत, खालच्या घराला तरी बोलवावं. येतील न येतील. आले तर अर्धा तास बसतील, आजोबांना नमस्कार करतील, केक खाऊन जातील. घोडबंदरच्या त्या काकू आल्या होत्या, आणि त्यांच्या सासूबाईंसाठी यजमानीणबाईंनी बैठकीतलं पहिलं भजन दार उघडं ठेवून म्हणवून घेतलं.

पार्टीचा भार ज्यांच्यावर पडतो त्यांत वॉचमन पहिला. तीस पाहुणे एकदम गेटवर आले की रजिस्टर, ॲपवरची मंजुरी, पार्किंगची वादावादी सगळं त्याच्या माथी. पाहुण्यांची यादी दुपारीच त्याच्याकडे द्यावी, गाड्या कुठे लावायच्या ते सेक्रेटरीला विचारून पाहुण्यांना आधीच कळवावं, आणि त्याचं ताट पहिल्या पंगतीत खाली जावं. उरलंसुरलं नव्हे, रात्री अकराला नव्हे. चपलांचं तेच. तीस जोड लॉबीत पसरले तर आग लागल्यावर अंधारात, धुरात जिना गाठणं शेजाऱ्याला जड जाईल. एक जुनी चादर दाराच्या आत अंथरून चपला तिच्यावर घ्याव्यात. उंच इमारतींत आगीच्या वेळी थांबण्यासाठी राखलेली मोकळी जागा असते. तिथे टेबलं मांडून बुफे लावणाऱ्यांना सोसायटीने पहिल्या वेळीच थांबवायला हवं. बाल्कनीत शेगडीवर पनीर-चिकन भाजलं तर धूर वरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांत जातो, आणि गॅलरीतून टाकलेलं सिगारेटचं थोटूक खालच्यांच्या ताडपत्रीवर पडतं.

निरोपाचा विषय मात्र खास आपला आहे. मराठी माणूस निघतो म्हणतो आणि मग दारात उभा राहून खऱ्या गप्पा सुरू करतो. मुलीचं लग्न कुठवर आलं, गावच्या जमिनीचं काय झालं, हे सगळं चपलेत एक पाय घालून. रात्री सव्वाअकराला लिफ्टच्या लॉबीत. लॉबीत चारी बाजूंना टाइल आणि ग्रॅनाइट, ना पडदा ना गादी. आवाज शोषणारं काहीच नाही, त्यामुळे तिथलं हळू बोलणंही घुमतं आणि प्रत्येक मजल्यावरच्या दाराच्या फटीतून आत शिरतं. घरातल्या गाण्यापेक्षा या निरोपाने जास्त लोक जागे होतात, हे अनेक सेक्रेटरींकडून मी ऐकलं आहे. उपाय सोपा आहे. निरोप दिवाणखान्यातच, बसून घ्यावा. लिफ्ट आली की घरातल्या एकाने पाहुण्यांबरोबर खाली जावं, गाडीपाशी काय बोलायचं ते बोलावं, आणि हॉर्न वाजवू नका हे तिथेच सांगावं. रात्री बाराला पार्किंगमध्ये केक कापून मित्राला बदडायची जी नवी रीत पोरांनी आणली आहे, तिला क्लब हाउस उघडून द्यावं, नाहीतर सोसायटीच्या फाटकाबाहेर, वस्तीपासून दूरचा कट्टा दाखवावा. नुसतं हाकलून ती थांबत नाही.

कोजागिरीसारखा सण या सगळ्या हिशेबात बसत नाही, कारण त्याची वेळच मध्यरात्रीची. दुधात चंद्र पाहायचा तर जागायला हवं. पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीने मला आवडलेली तोड काढली आहे. दहाला माइक बंद होतो आणि भेंड्या आवाजावर चालतात. उड्या आणि पळापळीचे खेळ मुलांनी नऊच्या आत खाली पटांगणात खेळायचे. गच्चीच्या खालच्या मजल्यावरच्या चारही कुटुंबांचा त्या दिवशी वर्गणीत वाटा नसतो, आणि दूध आधी त्यांच्याकडे जातं.

तक्रार आलीच तर? दार उघडून बाहेर यावं, दार मागे ओढून घ्यावं, म्हणजे बोलणारा माणूस तुमच्या तीस पाहुण्यांपुढे उभा राहत नाही. “दहा कुठे वाजलेत” म्हणू नये. “कोणी तक्रार केली” असं वॉचमनला तर कधीच विचारू नये. त्याने नाव सांगितलं तर त्याची नोकरी आणि न सांगितलं तर त्याची बोलणी, दोन्हीकडून तोच मरतो. आवाज तक्रार घेऊन आलेल्याच्या देखत कमी करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी जावं. पसाराही त्याच सकाळी आवरावा. काचेच्या बाटल्या वेगळ्या पोत्यात बांधून त्यावर काच आहे असं लिहावं, कारण कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईचे हात त्यात जातात. उष्टं ओल्या कचऱ्यात, थर्माकोल आणि रिबिनी सुक्यात. जिना आपण झाडून घ्यावा, झाडूवालीची वाट पाहू नये.

भाडेकरूंना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल मला राग आहे आणि तो इथे सांगितला पाहिजे. मालकाच्या मुलीच्या हळदीला साडेअकरापर्यंत डीजे चालतो आणि कोणी ब्र काढत नाही. त्याच मजल्यावर चार नोकरदार मुलं भाड्याने राहतात, त्यांच्याकडे साडेनऊला हसण्याचा आवाज आला की कमिटीचे तिघे दारात हजर, आणि महिन्याने घरमालकाला पत्र. आवाजाचं मोजमाप माणूस कोण आहे यावर ठरत असेल तर तो शेजारधर्म नव्हे, दांडगाई आहे. त्या मुलांना इमारतीतलं कोणी ओळखत नाही, म्हणून ते कोणाचं दार वाजवत नाहीत, आणि दार वाजवत नाहीत म्हणून त्यांना कोणी ओळखत नाही. पहिली पायरी कमिटीने उतरायला हवी.

सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींत गच्ची किंवा मोकळी जागा छोट्या समारंभासाठी सभासदाला तात्पुरती देण्याची सोय आहे: लेखी अर्ज, सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या अटी आणि शुल्क. बहुतेक सोसायट्यांत या अटी कोणी कागदावर आणलेल्याच नसतात. सेक्रेटरी बदलला की नियम बदलतो. वार्षिक सभा दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. पुढच्या सभेत पेंटिंग आणि लिफ्टच्या विषयांनंतर अर्धा तास यासाठी मागून घ्या. गच्ची कोणाला, किती वाजेपर्यंत, अनामत किती, वूफर चालेल की नाही, आधी कोणाकोणाला सांगायचं, आणि तक्रार कोणी ऐकायची हे लिहून काढा. भाडेकरूंना त्या सभेत मत नसतं. पण या एका विषयापुरतं त्यांना बोलवा, आणि ठरावाची प्रत मालकाच्या हाती देता तशीच त्यांच्याही हाती द्या.